चाळकेवाडी-वनकुसवडे : सह्याद्रीच्या सड्यावरील पवनऊर्जा

सातारा शहरातून सज्जनगडाच्या दिशेने निघालेला रस्ता ठोसेघरचा धबधबा मागे टाकून चढत जातो आणि चाळकेवाडीच्या सड्यावर पोहोचतो. सडा म्हणजे जांभा दगडाचे कवच असलेला, जवळजवळ सपाट असा विस्तीर्ण डोंगरमाथा. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरचा हा सडा दक्षिणेला पाटण तालुक्यातील वनकुसवड्याकडे सरकत जातो आणि त्याच्या पश्चिमेला, खोल दरीत, कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पसरलेला आहे. या माथ्यावर ओळीने उभ्या असलेल्या पवनचक्क्यांमुळे हा परिसर महाराष्ट्रातील पवनऊर्जेचे एक प्रमुख ठिकाण म्हणून ओळखला जातो.

येथे वारा का मिळतो, याचे उत्तर भूगोलात आहे. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे कोकणची अरुंद पट्टी ओलांडून सह्याद्रीच्या कड्याला भिडतात, कड्याच्या चढणीने वर ढकलले जातात आणि माथ्यावरून जाताना दाटून त्यांचा वेग वाढतो. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेगातील थोडी वाढही निर्णायक ठरते : सेकंदाला ६ मीटर वेगाच्या वाऱ्यापेक्षा ९ मीटर वेगाच्या वाऱ्यात सुमारे ३.४ पट ऊर्जा असते. उंचीमुळे हवा किंचित विरळ होते आणि त्यामुळे काही ऊर्जा घटते खरी, परंतु वाढलेल्या वेगाचा लाभ ही घट भरून काढून उरतो.

देशातील पहिले प्रात्यक्षिक पवनप्रकल्प १९८६ च्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनारी भागांत उभे राहिले. त्यानंतरच्या दशकात खासगी गुंतवणुकीस वाट मोकळी झाली आणि तिला सर्वांत मोठे बळ मिळाले ते करसवलतीचे. यंत्राची किंमत दरवर्षी जितकी कमी झाली असे हिशेबात धरले जाते, त्या रकमेला घसारा म्हणतात. पवनयंत्रांच्या बाबतीत हा घसारा पहिल्याच वर्षी पूर्ण धरण्याची मुभा होती आणि २००२ पासून ती ८० टक्क्यांवर आली. नफ्यातील उद्योगांना त्यामुळे कर वाचवून पवनचक्कीचे मालक होता आले. १९९५ मध्ये तुलसी तांती यांनी स्थापन केलेल्या सुझलॉनसारख्या कंपन्यांनी जमीन, उभारणी आणि देखभाल अशी सगळी जबाबदारी एकहाती घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून सातारा-पाटणचा हा माथा यंत्रांनी भरत गेला. तथापि सवलत यंत्र उभारण्यावर होती, वीज निर्माण करण्यावर नव्हती; प्रत्यक्ष निर्मितीशी जोडलेले प्रोत्साहन केंद्र सरकारने २००९ मध्ये आणले, तोवर या सड्यावरील बरीच यंत्रे उभी राहून गेली होती.

पवनचक्कीची रचना जवळून पाहण्यासारखी असते. पोलादी मनोऱ्याच्या टोकावर बसवलेल्या कक्षात जनित्र असते आणि त्याच्या तोंडाशी तीन पाती. वाऱ्याची दिशा बदलली की हा संपूर्ण कक्ष मोटरच्या साहाय्याने सावकाश वळून वाऱ्याला सामोरा होतो. वारा सेकंदाला ३ ते ४ मीटर वेगाने वाहू लागला की निर्मिती सुरू होते आणि तो साधारण २५ मीटरच्या पुढे गेला की यंत्र स्वतःला थांबवून पात्यांचा बचाव करते. पात्यांवर आदळणाऱ्या वाऱ्यातून कमाल ५९.३ टक्के ऊर्जाच काढून घेता येते, कारण त्याहून अधिक काढली तर हवेला पुढे सरकण्याइतकी गती उरत नाही. ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट बेट्झ यांच्या नावाने ओळखली जाते. वारा वर्षभर सारखा नसल्यामुळे जुन्या यंत्रांची सरासरी निर्मिती त्यांच्या क्षमतेच्या सुमारे एक पंचमांश भरते. या हिशेबाने ३५० किलोवॉटचे यंत्र वर्षाला सुमारे सहा लाख युनिट वीज देते.

या स्थळाचे खरे वैशिष्ट्य मात्र त्याच्या शेजारात आहे. जो पाऊस शिवसागर भरतो, त्याच पावसाचा वारा माथ्यावरची पाती फिरवतो. वाऱ्याची वीज तयार होईल तेव्हाच वापरावी लागते, तर धरणातील पाणी राखून ठेवता येते. कोयनेची जलविद्युत क्षमता १९६० मेगावॉट असून तिचा मोठा उपयोग मागणी चढते त्या वेळेसाठी होतो. पावसाळ्यात वाऱ्याची वीज अधिकाधिक वापरली जावी आणि पाणी गरजेच्या तासांसाठी व उन्हाळ्यासाठी राखले जावे, अशी सांगड घालण्यास याहून सोयीची जागा सापडणे कठीण आहे.

कागदोपत्री ‘पडीक’ समजला जाणारा हा कातळ प्रत्यक्षात ओसाड नाही. पावसाळ्यात त्याच्या खोलगट भागांत पाणी साचते आणि बोटभर मातीवर गेंद, सीतेची आसवे, कीटकभक्षी दवबिंदू अशा वनस्पती उगवतात, फुलतात आणि काही आठवड्यांत आपले जीवनचक्र पुरे करतात. उन्हाळ्यात याच दगडांवर एक सरडा दिसतो, ज्याचा नर गळ्याखालील निळी, काळी आणि नारिंगी झालर पंख्यासारखी उघडून मादीला साद घालतो. सारडा सुपर्बा या नावाने त्याची शास्त्रीय नोंद २०१६ मध्ये झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच पठाराची पाहणी होती. पवनचक्क्यांच्या क्षेत्रात शिकारी पक्ष्यांचा वावर जवळपास एक चतुर्थांशावर आला होता; त्यामुळे सरडे दाट झाले, माणूस जवळ आला तरी लवकर पळेनासे झाले, आणि त्यांच्या शरीराची पुष्टता घटली व नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले. वरचा एक दुवा ढिला झाला की परिणाम अन्नसाखळीत खालपर्यंत झिरपतो, हे या अभ्यासाने दाखवून दिले. लगतचे कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग असून २०१२ पासून जागतिक वारसास्थळांतही मोडते, म्हणून या निष्कर्षांचे वजन अधिक आहे.

या सड्यावरील पहिल्या पिढीच्या यंत्रांचे आयुष्य आता उताराला लागले आहे. जुनी, लहान यंत्रे काढून त्यांच्या जागी थोडी पण मोठी यंत्रे बसवण्यास पुनःसक्षमीकरण म्हणतात आणि त्यासाठी केंद्राने २०१६ मध्ये धोरण आखून २०२३ मध्ये ते सुधारले. आजचे एक यंत्र ३ मेगावॉटचे असते, म्हणजे जुन्या आठ-नऊ यंत्रांइतके काम ते एकटे करू शकते. जुन्याच रस्त्यांचा शक्य तितका उपयोग केला, नको असलेले रस्ते मोडून कातळ मोकळा केला, शिकारी पक्ष्यांच्या वाटा आधी मोजल्या आणि ज्यांच्या माथ्यावरून हा वारा वाहतो त्या गावांना उत्पन्नाचा नियमित वाटा दिला, तर कमी यंत्रांत अधिक वीज मिळेल आणि सड्याचा श्वासही मोकळा होईल. पवनऊर्जा महाराष्ट्राला हवीच आहे, कारण कोळशाची राख आणि धूर यांची किंमत राज्याने बराच काळ मोजली आहे. चाळकेवाडी-वनकुसवड्याचा दुसरा डाव मांडताना पहिल्या डावातील उणिवा पुन्हा होऊ नयेत, ही जबाबदारी शासनाची, उद्योगाची आणि ती वीज वापरणाऱ्या प्रत्येक नागरिकाची आहे.