दीड युनिट, अडीच कोयना: मुलाबाळांसह स्कॉटलंडच्या गावाकडे

हजार वॅटची इस्त्री दीड तास चालली की विजेच्या मीटरवर दीड युनिट पडते. स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क गावाजवळ तेवढ्याच विजेत प्रवाशांनी भरलेली आख्खी नाव २४ मीटर उंच उचलली जाते, आणि त्याच वेळी दुसरी नाव तितकीच खाली उतरते. ‘फॉलकर्क व्हील’ हा नावांचा आकाशपाळणा आहे. उंची ३५ मीटर, उद्घाटन २००२ साली, आणि या पद्धतीने फिरणारी बोटींची लिफ्ट जगात दुसरी कुठे नाही.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला इथे नेले तर ते पहिला प्रश्न हाच विचारेल: एवढे वजन इतक्या कमी विजेत कसे उचलले जाते? उत्तर घरातल्या बादलीत आहे. बादली काठोकाठ भरा आणि तिच्यात लाकडाचा ठोकळा अलगद सोडा. ठोकळा तरंगेल, थोडे पाणी सांडेल, आणि सांडलेल्या पाण्याचे वजन बरोबर ठोकळ्याइतके असेल. म्हणजे ठोकळ्यासकट बादलीचे वजन पहिल्याइतकेच राहिले. पाळण्याच्या दोन टोकांना अशाच दोन प्रचंड बादल्या आहेत. एकीत मोठी बोट असो, दुसरीत नुसते पाणी असो, पाण्याची पातळी सारखी ठेवली की दोन्ही पारडी समतोल राहतात. मोटारीला वजन उचलावे लागत नाही, फक्त घर्षणावर मात करावी लागते. अर्धा फेरा पाचेक मिनिटांत पुरा होतो. आर्किमिडीजचा सिद्धान्त शाळेच्या पुस्तकात सगळेच वाचतात, पण इथे त्याच्या आत बसून वर जायला मिळते.

पूर्वी याच ठिकाणी फोर्थ-क्लाइड आणि युनियन हे दोन कालवे ११ जलपाशांच्या, म्हणजे दारे लावून पाण्याची पातळी चढवणाऱ्या कप्प्यांच्या, पायऱ्यांनी जोडलेले होते. एकेका नावेला त्या पायऱ्या चढायला जवळजवळ दिवस लागे. १९३३ मध्ये ते जलपाश मोडून टाकले आणि दोन कालव्यांची ताटातूट झाली, ती थेट या पाळण्यापर्यंत. या कालव्यांवर नावा ओढत ते क्लाइड्सडेल जातीचे धिप्पाड घोडे. कालव्याच्या काठाने थोडे पुढे गेले की त्या घोड्यांची दोन पोलादी मस्तके उभी दिसतात. त्यांना ‘केल्पी’ म्हणतात. शिल्पकार अँडी स्कॉट, उंची ३० मीटर, म्हणजे साधारण दहामजली इमारत, आणि प्रत्येकाचे वजन सुमारे ३०० टन. फारशी चढण नसलेली ही वाट मुलांच्या सायकलीला सोयीची आहे. एडिंबऱ्याहून फॉलकर्क चाळीसेक किलोमीटर, म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखे.

इथपर्यंत हिशेब सोपा आहे. बहुतेक कुटुंबांचा हिशेब चुकतो तो पुढे, नकाशा पाहताना.

स्कॉटलंडचे क्षेत्रफळ सुमारे ७८ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचा जेमतेम चौथा हिस्सा. लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार ५४ लाख. मेंढ्या ६० लाखांहून अधिक. एवढासा देश आठवड्यात सहज पाहून होईल असे वाटते, आणि मग एडिंबरा, इन्व्हर्नेस, स्काय बेटावरचे पोर्ट्री, फोर्ट विल्यम, ग्लासगो आणि परत एडिंबरा असे कडे आखले जाते. त्याची बेरीज करू. २५० अधिक १८५ अधिक १७५ अधिक १७० अधिक ७५, म्हणजे साडेआठशे किलोमीटरच्या थोडे वर. हायलँड या डोंगराळ भागातल्या रस्त्यांवर ताशी ६० ची सरासरी पडली तरी पुष्कळ झाले. इन्व्हर्नेस ते फोर्ट विल्यम हे १०५ किलोमीटर लॉख नेस सरोवराच्या काठाने वळणे घेत जातात आणि दोन तास खातात. त्या हिशेबाने साडेआठशे किलोमीटरला चौदा तास होतात. पाच दिवसांत वाटले तर रोज पावणेतीन तास मूल पट्टा लावून मागच्या सीटवर बसणार, आणि त्यात थांबे, उलट्या, रस्ता चुकणे काहीच धरलेले नाही.

हायलँड परिषदेचा प्रदेश सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरचा आहे आणि तिथे राहतात सव्वादोन-अडीच लाख माणसे. दर चौरस किलोमीटरला नऊ. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हा आकडा ३६५ होता. घाटात मध्येच चहाची टपरी, वडापावची गाडी, पेट्रोलपंप, स्वच्छतागृह लागणारच, ही आपली सवय दाट वस्तीने लावलेली आहे. चौरस किलोमीटरला नऊ माणसे असताना ती टपरी चालवणार कोण आणि चहा पिणार कोण? तेव्हा खाऊचा डबा, थर्मास आणि बाळाचे जादा कपडे मागच्या सीटवर हाताशी ठेवावेत, डिकीत बॅगांच्या तळाशी नकोत.

म्हणून माझे म्हणणे असे की मुलांबरोबर कडे आखूच नये, खुंटा ठोकावा. एकाच गावी पाच रात्री राहावे आणि रोज वेगळ्या दिशेला थोडेसे जाऊन यावे. त्यासाठी एव्हिमोरसारखे गाव नाही. एडिंबऱ्याहून थेट आगगाडीने ते साधारण तीन तासांवर आहे, आणि ४,५२८ चौरस किलोमीटरच्या केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानात वसलेले आहे. हे ब्रिटनमधले सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान.

एव्हिमोरपासूनची अंतरे पाहा. रेनडिअरांचे ग्लेनमोर दहाएक किलोमीटर, हायलँड वाइल्डलाइफ पार्क अकरा, उंच पाइन झाडांमधले लँडमार्क हे साहसी खेळांचे उद्यान कारब्रिजला, तेही अकरा. ऑस्प्रे पक्ष्यांचे लॉख गार्टन पंधराच्या आत. न्यूटनमोरचे हायलँड फोक म्युझियम पंचवीसेक, तिथे जुन्या काळातली गवती छपरांची वस्ती पुन्हा उभारली आहे. पाचही ठिकाणी जाऊन-येऊन एकूण दीडशे किलोमीटर होत नाहीत, म्हणजे रोजचे तीस. त्यातच एव्हिमोरहून ब्रूमहिलपर्यंत सोळा किलोमीटर धावणारी स्ट्रॅथस्पे रेल्वेची वाफेची गाडी बसते.

यात मी रेनडिअर सर्वांत वर ठेवीन. मीकेल उत्सी नावाचा स्वीडनचा सामी जमातीचा गृहस्थ हे डोंगर पाहून म्हणाला की इथे रेनडिअर जगतील, आणि १९५२ मध्ये त्याने पहिले प्राणी आणले. आज कळपात दीडशेच्या आसपास रेनडिअर आहेत. वाटाड्याबरोबर डोंगर चढून त्यांच्यापर्यंत जायचे असते, वीस-तीस मिनिटांची चाल. मुलांना शिंगे लांबूनच दिसतात, पण कळप जवळून चालू लागला की एक आवाज येतो, कट्-कट्, बोटे मोडल्यासारखा. मागच्या पायाच्या हाडावरून स्नायुबंध सरकतो त्याचा तो आवाज. हिमवादळात एकमेकांचा पत्ता लागावा म्हणून तो उपयोगी पडतो असे मानतात. मे महिन्यात वासरे जन्मतात. नर-मादी दोघांनाही शिंगे येणारी हरणांची ही एकच जात, हेही मुलांना तिथे समोरच पाहायला मिळते.

लॉख गार्टनची गोष्ट वेगळ्या आकड्यांची आहे. मासे धरणारा ऑस्प्रे, आपली मीनखाई घार, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधून वीण करणारा पक्षी म्हणून संपली होती. १९५४ मध्ये एका जोडीने इथे घरटे केले. अंडी चोरणाऱ्यांचा सुळसुळाट होता, म्हणून राखण बसली, आणि १९५९ पासून लोकांनाच दुर्बिणीतून ते घरटे बघू दिले. हजारो डोळे लागले की चोराला जागा राहत नाही, हे तिथल्या पक्षिमित्रांनी तेव्हाच ओळखले. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात हीच जात दिसते. स्कॉटलंडचे पक्षी मात्र थंडीत पश्चिम आफ्रिकेला जातात आणि मार्चअखेर-एप्रिलमध्ये परततात. वाइल्डलाइफ पार्कमध्ये हिमअस्वले आहेत. शिवाय इथे वाढवलेली १९ रानमांजरे २०२३ मध्ये केर्नगॉर्म्सच्या जंगलात सोडली गेली, आणि ती जात ब्रिटनमध्ये टिकण्याची सगळी आशा अशा मांजरांवर आहे.

आता महिना कोणता? महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात असते आणि योगायोगाने आकडेही मेच्याच बाजूने आहेत. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एप्रिल ते जून हा वर्षातला त्यातल्या त्यात कोरडा काळ. मेच्या मध्याला इन्व्हर्नेसला सुमारे साडेसोळा तास उजेड असतो, २१ जूनला अठरा, डिसेंबरात साडेसहा. तिथल्या शाळांची मोठी सुट्टी जूनअखेर सुरू होते आणि ऑगस्टच्या मध्याला संपते, इंग्लंडच्या शाळा जुलैअखेर सुटतात, म्हणून मेमध्ये राहायच्या जागाही मिळतात. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना मेअखेरचा आठवडाभराचा शाळेचा खंड याच काळात येतो. एक सावधगिरी: रात्री दहालाही बाहेर उजेड असतो आणि लहान मूल झोपायचे नाव घेत नाही. जाड पडद्यांची खोली आधीच विचारून घ्यावी.

मे निवडायला आणखी एक कारण आहे, ते मिलिमीटरांत मोजायचे. मिज नावाची चिलटे. मेच्या उत्तरार्धात सुरू होतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या ओलसर खोऱ्यांत थव्यांनी चावतात. वारा ताशी अकरा किलोमीटरच्या वर गेला की त्यांना उडता येत नाही. म्हणून जेवायला बसायचे तर झाडीच्या आडोशाला नव्हे, उघड्या वाऱ्यावर बसावे.

पावसाचे गणित सह्याद्रीच्या माणसाला लगेच कळेल. समुद्रावरून आलेले ढग पश्चिमेच्या डोंगरांवर आदळतात, तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. डोंगर ओलांडून पूर्वेला एडिंबऱ्याकडे आले की सातशेच्या आसपास, म्हणजे पुण्याइतकाच. फरक वाटणीत आहे. पुण्याचा पाऊस बहुतेक चार महिन्यांत उरकतो, एडिंबऱ्याचा बारा महिन्यांत पसरतो. म्हणून तिथे दिवस वाया घालवणारी मुसळधार कमी आणि वीस मिनिटांची सर जास्त. छत्री वाऱ्यात उलटते, प्रत्येकाला टोपीचे रेनकोट घ्यावेत आणि सर ओसरेपर्यंत थांबावे. एव्हिमोर त्या पश्चिमेच्या डोंगरांच्या पूर्वेकडच्या अंगाला आहे, हे त्याच्या बाजूचे आणखी एक माप.

पण लॉख नेस? ते राहून कसे चालेल, असे प्रत्येक घरात कुणीतरी विचारतेच. लांबी ३७ किलोमीटर, सर्वाधिक खोली सुमारे २३० मीटर, पाणी ७.४ घन किलोमीटर. टीएमसीत सांगायचे तर २६० च्या वर. कोयनेची क्षमता १०५. म्हणजे अडीच कोयना एका अरुंद चरात उभ्या ओतल्या आहेत. इंग्लंड आणि वेल्सच्या सगळ्या तळ्यांचे पाणी एकत्र केले तरी एवढे भरत नाही. पाणी पीटमुळे, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींमुळे, कोऱ्या चहासारखे तपकिरी, थोड्या खोलीवरच काळोख. १९३३ मध्ये वर्तमानपत्रात अजस्र प्राण्याची बातमी आली, १९३४ मध्ये प्रसिद्ध छायाचित्र छापले गेले, ते बनावट होते हे १९९४ मध्ये उघड झाले. पुढे पाण्यातल्या डीएनएची तपासणी झाली. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: सरपटणाऱ्या राक्षसाचा मागमूस नाही, ईल माशांचा मात्र भरपूर. मुलांना हा सगळा तपास आधी सांगून न्यावे, मग ती अर्कर्ट किल्ल्याच्या पडक्या बुरुजावरून पाण्याकडे जास्त वेळ बघतात.

ग्लेनफिननच्या रेल्वेपुलाविषयी माझे मत थोडे कडक आहे. २१ कमानी, ३८० मीटर लांबी, ३० मीटर उंची, १८९७ ते १९०१ दरम्यान लोखंडी सळ्यांविना नुसत्या काँक्रीटचा बांधलेला. हॅरी पॉटरच्या चित्रपटांमुळे वाफेच्या जॅकोबाइट गाडीची तिकिटे महिनोन्महिने आधी संपतात. फोर्ट विल्यम ते मॅलेग ६६ किलोमीटर, एका बाजूलाच दोन तास, मध्ये थांबणे, परत तेवढेच. पाच वर्षांखालच्या मुलाला हे फार होते. त्याच रुळांवरून, त्याच २१ कमानींवरून नेहमीची प्रवासी गाडी जाते, सुमारे दीड तासात, पुष्कळ कमी पैशांत, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पूल वळणाचा असल्याने जाताना डावीकडे बसले की आपल्याच गाडीचा पुढचा भाग कमानींवरून जाताना खिडकीतून दिसतो.

लॉख टे या सरोवराकाठचे क्रॅनॉग केंद्र मोठ्या नावांच्या यादीत खाली असते, मला ते वर हवे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लोक तळ्यात खांब रोवून त्यावर क्रॅनॉग नावाची गोल घरे बांधून राहत. तळ्याच्या तळच्या गाळातून पाणबुड्यांनी एक लाकडी भांडे काढले, आत लोण्याचा थर अजून चिकटलेला होता. थंड, प्राणवायू नसलेल्या गाळाने ते सांभाळले. पुन्हा उभारलेले घर जून २०२१ मध्ये जळाले, पण केंद्र पलीकडच्या काठावर नव्या जागी २०२४ मध्ये उघडले. मुलांना तिथे लाकडावर लाकूड घासून ठिणगी पाडून दाखवतात.

आणि एक जागा शून्य पौंडांची. २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक डोंगर, माळ, जंगल आणि किनाऱ्यांवर जबाबदारीने फिरायचा हक्क प्रत्येकाला आहे, जमीन कुणाचीही असो. इन्व्हर्नेसहून अर्ध्या तासावर चॅनोनरी पॉइंट नावाची रेतीची जीभ समुद्रात घुसली आहे. मोरे खाडीत दोनेकशे बॉटलनोज डॉल्फिन राहतात, जगातल्या सर्वांत उत्तरेकडच्या वस्त्यांपैकी एक, आणि थंडीमुळे अंगाने चार मीटरपर्यंत भरलेले. भरती या चिंचोळ्या तोंडातून सामन मासे आत ढकलते आणि डॉल्फिन त्यांची वाट अडवतात, किनाऱ्यापासून काही वेळा पन्नास पावलांवर. ओहोटी संपून पाणी चढू लागले की पहिले तास-दोन तास उत्तम. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे कोकणातल्या मुलाला सांगावे लागत नाही. तेव्हा त्या दिवशीचे वेळापत्रक आधी बघावे, आणि जेवणाची वेळ पाण्याप्रमाणे पुढेमागे करावी.