बिननिमित्ताची खेळणी

पुणे-नाशिक रस्त्याने मंचर मागे टाकून नारायणगावाकडे जाताना लागणाऱ्या कळंबसारख्या गावात, जिथे पारावरचे संभाषण टोमॅटोचा भाव, कांद्याची आवक आणि उसात दिसलेला बिबट्या यांपलीकडे क्वचितच सरकते, तिथे तिशी-पस्तिशीचा, स्वकष्टार्जित उत्पन्नाचा एखादा गृहस्थ कुरियरने आलेला खोका घरच्यांच्या देखत फोडतो आणि त्यातून वीतभर उंचीचा बॅटमॅन किंवा दोन हजार तुकडे जुळवून उभारायचे अंतराळयान बाहेर काढतो, तेव्हा ओसरीवरच्या वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवर जो भाव उमटतो त्यास राग म्हणता येणार नाही. तो बहुधा संकोच असतो. "पोरांसाठी मागवलं का रं?" हा त्यांचा प्रश्न चौकशीचा नसून उपकाराचा असतो, समोरच्याला अब्रूनिशी निसटता यावे म्हणून त्यात एक वाट ठेवलेली असते. आणि तो गृहस्थ जेव्हा "नाही आबा, माझंच आहे" असे सांगतो, तेव्हाच खरी पंचाईत उत्पन्न होते.

वास्तविक आपल्या समाजाने प्रौढांना खेळणी कधीच नाकारलेली नाहीत. नाकारली ती केवळ निमित्तावाचून खेळण्याची मुभा. चैत्रगौरीच्या आराशीसाठी ठेवणीतल्या ट्रंकेतून निघणाऱ्या बाहुल्या, काचेचे हत्ती आणि चिनी मातीची बदके ही गृहिणीची खासगी मालमत्ता असे, आणि घरातल्या लेकरांना त्या जिनसांना बोट लावण्याचीही सक्त मनाई असे. परंतु निमित्त देवीचे असल्याने त्या हौसेस कोणी पोरखेळ म्हटले नाही. तंजावरकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडण्याची तिकडची चाल उचलली, तीही याच सनदेवर.

पुरुषांचे निमित्त दिवाळीतला किल्ला. दगडविटांचा ढीग रचावा, गोणपाट चिखलात बुडवून त्यावर अंथरावे, बुरूज लिंपावेत, उतारावर अळीव पेरून चार दिवसांत हिरवळ उठवावी, आणि मग बाजारातून आणलेले मातीचे मावळे, तोफा, गवळणी, गुहेतला वाघ आणि सिंहासनाधिष्ठित महाराज यांची स्थापना करावी, हा सारा उद्योग नावापुरता मुलांचा. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी बाप अंगातला सदरा काढून चिखलात उतरतो आणि पोरे पाणी आणून देण्याच्या कामगिरीवर रुजू होतात. जुन्नर-आंबेगावच्या मुलखात तर ही जबाबदारी अधिकच कडक, कारण इथे शिवनेरी हा पुस्तकातला किल्ला नसून येता-जाता दिसणारा डोंगर आहे. सात दरवाज्यांतला एखादा गाळला, शिवाईचे देऊळ किंवा बदामी तलाव भलत्या बाजूला गेला, तर वाटेने जाणारा कोणीही उभा राहून हरकत घेतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत दाखल केले, त्यांत शिवनेरीही असल्याने यापुढे या हरकतींना आंतरराष्ट्रीय आधार मिळाला असे मानावयास प्रत्यवाय नाही.

प्रमाणाची मात्र या किल्ल्यांवर कोणी तक्रार करीत नाही. महादरवाज्यातून पहारेकऱ्याचे डोके आत जात नाही आणि पायथ्याची गवळण बुरुजाला खांदा लावून उभी असते, तरी चालते. दिवाळी सरली की किल्ला मोडतो, पण मातीची चित्रे मोडत नाहीत. ती वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात, मान तुटलेला मावळा फेव्हिकॉलने पूर्ववत केला जातो, आणि गेल्या सालापर्यंत घोडेस्वार किती होते याची खडान्खडा माहिती घरातल्या कर्त्या पुरुषास असते. संग्राहक म्हणतात तो याहून निराळा नसतो.

या महाराष्ट्रात निमित्त बाजूस सारून, उघडपणे आणि वर्षानुवर्षे खेळण्यांचा ध्यास घेणारी माणसेही झाली. पुण्यातील विलास करंदीकर यांनी भातुकलीचा संग्रह केला आणि त्याची प्रदर्शने भरवली. बोटाएवढे जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, बंब, घंगाळ असा समग्र संसार तिथे पाहणारी प्रौढ माणसे, विशेषतः वयस्क स्त्रिया, एकेक भांडे ओळखून त्याचा उपयोग शेजारच्या मुलीला समजावू लागतात. स्वयंपाकघरातून हद्दपार झालेल्या जिनसांचे दप्तरच ते. कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे, आणि सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस यांसह वसवलेल्या त्या चिमुकल्या शहरात गाड्या वेळच्या वेळी सुटतात, जे मोठ्या शहरात नेहमी घडतेच असे नाही.

आता पाश्चात्त्य मालाकडे वळू. गंमत अशी की निमित्ताची गरज तिकडेही होती. १९६४ मध्ये हॅसब्रो या अमेरिकन कंपनीने जी. आय. जो हा शिपाई बाजारात आणला, तेव्हा मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीने तिने त्यास बाहुली म्हणणे कटाक्षाने टाळले आणि ‘ॲक्शन फिगर’ हे नाव रूढ केले. पुढे १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट अनपेक्षितपणे गाजला. त्यातील पात्रांची खेळणी करण्याचा मक्ता घेतलेल्या केनर कंपनीस नाताळपर्यंत माल तयार करणे अशक्य होते, म्हणून तिने चक्क जवळजवळ रिकामा लखोटा विकला, ज्यात पुठ्ठ्याचा एक देखावा आणि पुढील वर्षी चार पात्रे टपालाने पोचवण्याचे हमीपत्र होते. लोकांनी तो विकत घेतला. चित्रपट पाहिलेल्या मुलाला ती पात्रे जवळ असावीत असे किती तीव्रतेने वाटते, याची रुजुवात व्यापाऱ्यांना त्या दिवसांत झाली. आणि तीच मुले मोठी होऊन कमावू लागल्यावर आजचा हा बाजार उभा राहिला.

जुळणीच्या संचांची कुळकथा अधिक सात्त्विक आहे. डेन्मार्कमधील बिलुंड गावचा सुतार ओले कर्क क्रिस्तियानसेन याने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला; त्याच कारखान्यात पुढे लेगोची प्लॅस्टिकची वीट निघाली आणि आजच्या घडणीच्या विटेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी नोंदले गेले. त्या साली केलेली वीट आज केलेल्या विटेत घट्ट बसते. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा किती प्रकारांनी जोडता येतील याचा कंपनीचा जुना हिशेब अपुरा निघाला आणि कोपनहेगनच्या गणितज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने तो ९१,५१,०३,७६५ पर्यंत नेला. २०१७ मध्ये निघालेल्या ‘मिलेनियम फाल्कन’ या यानाच्या संचात ७,५४१ तुकडे आहेत. असा संच जमिनीवर सतरंजी पसरून जुळवू लागावे, पिशव्यांचे क्रमांक पाहून तुकडे ताटल्यांत निवडावेत, आणि तीनशेव्या पानावर आल्यानंतर चाळिसाव्या पानावरचा एक करडा तुकडा उलटा बसल्याचे ध्यानात यावे, या यातनेत जे एकाग्रतेचे सुख आहे ते मला तरी आदरणीय वाटते. २०२० पासून त्या कंपनीने प्रौढांच्या संचांच्या काळ्या पेट्यांवर ‘१८ वर्षांवरील’ असे छापण्यास प्रारंभ केला, म्हणजे निमित्ताचा शेवटचा पडदाही कारखानदारानेच दूर केला.

जी गोष्ट मला रुचत नाही ती बंद पेटीचा व्यापार. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ मध्ये निर्माण केलेली लबूबू ही दातवाली आकृती पॉप मार्ट ही चिनी कंपनी अशा पेटीत विकते की आत कोणता नग आहे हे फोडल्यावाचून कळू नये. दुर्मीळ नगाच्या आशेने माणूस दुसरी, तिसरी, पाचवी पेटी घेतो. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढी एक लबूबू दहा लाख युआनांहून अधिक किमतीस गेली. जत्रेतल्या सोरटाला आपण जुगार म्हणत असू, तर यास निराळे नाव देण्याचे कारण मला दिसत नाही.

इकडील संग्राहकाच्या खिशास आणखी एक कात्री आहे, ती जकातीची. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरील आयातकर २०२० मध्ये शेकडा २० वरून ६० झाला आणि २०२३ मध्ये ७०. यामागे देशी कारखान्यांचे रक्षण हा उद्देश असून तो गैर नाही, कारण देशी मालालाही मोल आहे: एम.आर.एफ.च्या फनस्कूल कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात उत्पादन सुरू केले आणि तिने काढलेले जी. आय. जो, मूळ साच्यांतले परंतु रंग भलतेच असलेले, आज परदेशी संग्राहक मुद्दाम शोधतात. कोणाच्या ट्रंकेत लहानपणचा एखादा शिपाई बंदुकीसह शाबूत असेल, तर त्याने तो भंगारात घालण्यापूर्वी चौकशी करावी.

राहता राहिली निगा. आमच्या भागात शत्रू दोन: पावसाळ्यातील दमट हवा, जिने पेटीच्या पुठ्ठ्याला बुरशी धरते, आणि उन्हाळ्यातील ऊन, जे खिडकीतल्या पांढऱ्या प्लॅस्टिकला पिवळे करून सोडते. काचेचे कपाट भिंतीपासून चार बोटे दूर असावे, खिडकीच्या समोर नसावे; धूळ रंगाच्या मऊ कुंचल्याने झाडावी; संचाची पुस्तिका फेकू नये. निगेइतकाच प्रश्न वारसाचा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेले दिवे, अडकित्ते आणि वाद्ये १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या हवाली केली आणि पुण्यात त्यांच्या दिवंगत मुलाच्या नावाचे संग्रहालय कायम झाले, हे भाग्य सर्वांच्या वाट्यास येत नाही. म्हणून संग्राहकाने एका वहीत जिनसेचे नाव, खरेदीचे साल आणि किंमत लिहून ती वही कोठे आहे हे घरात एकाला तरी सांगून ठेवावे. किमतीचा रकाना पत्नीला केव्हा दाखवायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न.