‘चालतोय ना, मग बदलायचा कशाला?’
विंडोज १० नंतरच्या घरगुती संगणकाचे काय?

पुणे (प्रतिनिधी) - संगणक उत्तम चालतो आहे, प्रिंटर बिनतक्रार कागद ओढतो आहे, मुलांचे प्रकल्प आणि वीजबिलांचा भरणा त्यावरच होतो आहे. मग तो बदलायचा कशासाठी? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य थांबविले, तेव्हापासून संगणकाचा नाद असलेली मंडळी जेथे जमतात तेथे हा प्रश्न हमखास निघतो. त्यावर तावातावाने मते मांडली जातात. एक पक्ष म्हणतो, हा सारा नवे संगणक खपविण्याचा डाव आहे. दुसरा म्हणतो, आज रात्रीच इंटरनेटची तार उपटा. खरे म्हणजे दोन्ही पक्षांच्या बोलण्यात थोडेथोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच सामान्य वापरकर्त्याचा गोंधळ उडतो.

त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, ही गोष्ट प्रथम मान्य केली पाहिजे. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये बाजारात आले. दहा वर्षांच्या वापराने गाडीचे टायर झिजतात, पंख्याचे बेअरिंग वाजू लागते. पण आज्ञावली झिजत नाही. ती काल जशी होती तशीच उद्याही असते. घोटाळा नेमका येथेच आहे. आज्ञावली बदलत नसली, तरी तिच्यातील दोषांविषयी बाहेरच्या जगाला असलेली माहिती सतत वाढत जाते.

दुरुस्तीच देते चोराला पत्ता

कार्यप्रणाली म्हणजे काही कोटी ओळींची आज्ञावली. इतक्या पसाऱ्यात चुका राहतातच. त्यांतील काही चुका अशा असतात, की त्यांचा आधार घेऊन परका माणूस आपल्या संगणकावर हवा तो हुकूम चालवू शकतो. अशी चूक लक्षात आली की कंपनी ठिगळ तयार करते; त्यालाच आपण ‘पॅच’ किंवा ‘अपडेट’ म्हणतो. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने ही ठिगळे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देण्याची प्रथा पाडली. अमेरिकेतील सकाळ म्हणजे आपल्याकडील रात्र. त्यामुळे आपल्या संगणकावर ‘रीस्टार्ट करा’ ही सूचना बहुधा बुधवारी दिसते.

आता गंमत पाहा. ठिगळ जाहीर होते ते सर्वांसाठी. ते जसे आपल्याला मिळते तसेच चोरालाही मिळते. दुरुस्तीपूर्वीची फाइल आणि दुरुस्तीनंतरची फाइल शेजारी ठेवून दोहोंतील फरक शोधला, की भोक नेमके कोठे होते हे कळते. ते काम करणारी साधने सुरक्षा-तज्ज्ञ उघडपणे वापरतात. तीच हल्लेखोरांनाही उपलब्ध आहेत. म्हणूनच या क्षेत्रातील लोक ‘पॅच’च्या मंगळवारानंतरच्या दिवसाला थट्टेने ‘हल्ल्याचा बुधवार’ म्हणतात. अपडेट मिळणाऱ्या संगणकासाठी ही एक शर्यत असते: ठिगळ आधी बसते की चोर आधी पोहोचतो. ज्या संगणकाला ठिगळ मिळणारच नाही, त्याच्यासाठी शर्यतच उरत नाही.

विंडोज १० आणि विंडोज ११ यांची नावे वेगळी असली तरी आतील बराचसा भाग समाईक आहे. विंडोज ११ मधील एखादे भोक बुजविले गेले, की तेच भोक विंडोज १० मध्ये आहे का, हे पाहण्याचा मार्ग आपोआप मोकळा होतो. वाढीव मुदतीची अपडेटही न घेतलेला विंडोज १० संगणक दर महिन्याला थोडा थोडा उघडा पडतो तो असा. वापरणाऱ्याला मात्र त्याचा पत्ता लागत नाही, कारण पडद्यावर काहीच बदललेले नसते.

वॉनाक्रायची न सांगितली जाणारी बाजू

हे केवळ पुस्तकी भय नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला आणि सुमारे दीडशे देशांतील लाखो संगणकांतील फाइली कुलूपबंद करून पैसे मागू लागला. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या सुमारे एक तृतीयांश न्यासांना त्याची झळ बसली, रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. ज्या भोकातून तो शिरला त्याचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, १४ मार्च रोजीच दिलेले होते. एप्रिलमध्ये त्या भोकाचा वापर करणारे हत्यार इंटरनेटवर उघड झाले आणि मे महिन्यात हल्ला झाला.

या प्रकरणी दोष नेहमी विंडोज एक्सपीच्या माथी मारला जातो. एक्सपीचे साहाय्य एप्रिल २०१४ मध्येच संपले होते आणि हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टला त्याच्यासाठीही तातडीचे ठिगळ द्यावे लागले, हे खरेच. परंतु नंतर झालेल्या तपासणीत आढळले, की बाधित संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ चे होते. एक्सपीवर तो व्हायरस धड रुजतही नसे; बहुतेक वेळा यंत्रच कोलमडून बंद पडे. विंडोज ७ ला त्या वेळी साहाय्य चालू होते, ठिगळ फुकट उपलब्ध होते, फक्त ते बसविलेले नव्हते. म्हणजे ‘साहाय्य चालू’ या दोन शब्दांनी कोणाचे रक्षण झाले नाही.

पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ आला. पसरण्यासाठी त्याने जे मार्ग वापरले त्यांतील एक हेच जुने भोक होते. मर्स्क या जहाज कंपनीला त्याचा जबर तडाखा बसला आणि त्याचे पडसाद थेट उरणजवळ उमटले: जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले.

अपडेट बंद ठेवणारे अगदीच चूक नाहीत

येथे दुसरी बाजूही सांगावयास हवी. कित्येक हौशी मंडळी अपडेट मुद्दाम बंद करून ठेवतात. त्यामागे निव्वळ आळस नसतो. ‘नॉटपेट्या’ची सुरुवातच युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. ऑक्टोबर २०१८ मधील विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही वापरकर्त्यांच्या फाइली उडविल्या आणि मायक्रोसॉफ्टला त्याचे वितरण थांबवावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली.

तरीही या अनुभवांचा निष्कर्ष ‘अपडेट नको’ असा निघत नाही, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. सदोष अपडेटने झालेले नुकसान लगेच दिसते आणि बोंब होते; भोकातून झालेली चोरी कित्येकदा उघडकीसही येत नाही. चार-पाच दिवस थांबून, महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून मग अपडेट बसविणे, हा शहाणपणाचा मध्यममार्ग आहे. विंडोजमध्ये अपडेट काही दिवस लांबणीवर टाकण्याची सोय आहेच. कायमचे बंद करण्यासाठी फिरणाऱ्या क्लृप्त्या वापरण्याचे कारण नाही.

‘माझ्याकडे अँटिव्हायरस आहे’

हे उत्तर सर्रास मिळते. अँटिव्हायरस हा दारावरचा पहारेकरी आहे, तो ओळखीच्या चोरांना अडवितो, काही अनोळखी संशयितांनाही हटकतो. पण मागची भिंतच पडलेली असेल तर तो एकटा पुरा पडत नाही. पहारेकरी स्वतः त्याच कार्यप्रणालीवर उभा असतो. तिच्या गाभ्यात शिरलेला हल्लेखोर त्यालाच निजवू शकतो. विंडोज १० मधील डिफेंडरला नव्या व्हायरसांची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. ही चांगली गोष्ट आहे; परंतु ती माहिती म्हणजे कार्यप्रणालीचे ठिगळ नव्हे. या दोहोंची गल्लत होते आणि खोटा धीर येतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे फुकटात विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून देणाऱ्या आज्ञावल्या. त्या चालविण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करण्याची सूचना असते, आणि ती निमूटपणे पाळली जाते. २०२१ मध्ये ‘केएमएसपिको’ या प्रसिद्ध साधनाच्या नावाखाली ‘क्रिप्टबॉट’ हा पासवर्ड आणि आभासी चलनाची खाती चोरणारा व्हायरस पसरविला जात असल्याचे सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिले होते.

मग करावे काय?

प्रथम आपला संगणक विंडोज ११ च्या अटींत बसतो का, ते तपासावे. बहुतेकांची गाडी टीपीएम २.० या सुरक्षा-चिपपाशी अडते. ही चिप बोर्डावर वेगळी असावीच लागते असे नाही. इंटेलच्या यंत्रांत ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या यंत्रांत ‘एफटीपीएम’ या नावाने तीच सोय बायोसमध्ये दडलेली असते आणि कित्येकदा केवळ बंद असते. ती चालू केली की ‘अपात्र’ ठरलेला संगणक पात्र होतो. मात्र डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी. बायोसमध्ये बदल केल्यावर ती मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर स्वतःच्याच फाइलींना मुकावे लागते. विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने बसविलेले असेल, तर डिस्कची मांडणीही बदलावी लागते. त्यासाठी विंडोज १० मध्ये ‘एमबीआर२जीपीटी’ ही आज्ञा आहे. पण ती जाणकाराला शेजारी बसवूनच चालवावी.

प्रोसेसरची अट मात्र बायोसमध्ये सुटत नाही. इंटेलच्या बाबतीत थोडे अपवाद वगळता आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसरच यादीत आहेत. ‘रुफस’सारख्या साधनाने या अटी चुकवून विंडोज ११ बसविता येते. हौशी मंडळी ते अभिमानाने करतातही. परंतु अशा यंत्राला पुढील अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच अनिश्चित. कोअर २ ड्युओच्या काळातील यंत्रांवर तर २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरांना ठाऊकच नाहीत.

दुसरा मार्ग विस्तारित सुरक्षा अपडेटचा. घरगुती ग्राहकांसाठी २०२५ मध्ये जाहीर झालेली ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची होती. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडल्यास विनामूल्य, अथवा १,००० रिवॉर्ड गुण किंवा ३० डॉलर देऊन, अशी तिची योजना. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असणे आवश्यक ठरविण्यात आले. संस्थांना हीच सेवा पैसे भरून तीन वर्षांपर्यंत घेता येते. पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. हा श्वास घेण्यापुरता अवधी आहे.

तिसरा मार्ग लिनक्सचा. मेल, बँक, तिकिटे आणि चित्रफिती एवढ्यापुरताच ज्या घरांत संगणक लागतो, तेथे लिनक्स मिंट चार जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावरही सुखाने चालते. ते पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, आधी चालवून पाहता येते. युनिकोड मराठी त्यात विनासायास लिहिता येते. अडचण येते ती टॅली चालविणाऱ्यांना, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्यांना आणि काही स्वस्त लेझर प्रिंटरांच्या मालकांना. त्यांनी या वाटेला जाण्यापूर्वी दोन दिवस पेन ड्राइव्हवर सर्व कामे करून बघावीत.

आणि एक वर्ग असा आहे, की ज्याला यांतला कोणताच मार्ग सोयीचा नाही. मराठी छपाईच्या व्यवसायातील अनेकांचा वर्षानुवर्षांचा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. श्रीलिपीची जुनी आवृत्ती, तिचे यंत्राच्या मागे खोचलेले हार्डवेअर कुलूप आणि त्यावर बसलेला ऑपरेटरचा हात, हे सारे एका जुन्या विंडोजशी बांधलेले असते. लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सर्व त्यावरच जुळविले जाते. अशा यंत्राला इंटरनेटपासून तोडणे हाच उपाय: तार काढावी, वाय-फाय बंद करावे, मेल दुसऱ्या यंत्रावर पाहावी.

पण मग मजकूर येतो पेन ड्राइव्हवरून. २००८ मध्ये आलेल्या ‘कॉन्फिकर’ने पेन ड्राइव्ह खोचताच आपोआप चालू होण्याच्या सोयीचा फायदा घेतला होता. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेटद्वारे जुन्या विंडोजमधील ही सोय बंद केली. अपडेट कधीच न घेतलेल्या एक्सपीवर ती अजूनही चालूच असेल. तेव्हा छापखान्याचा एक पेन ड्राइव्ह वेगळा ठेवावा, ग्राहकाचा पेन ड्राइव्ह आधी अपडेट असलेल्या संगणकावर तपासावा, आणि त्यावरील केवळ मजकुराच्या फाइली छापखान्याच्या पेन ड्राइव्हवर घेऊन जुन्या यंत्राकडे न्याव्यात. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम कंटाळवाणे आहे. जोडाक्षरे आणि रफार हटकून बिघडतात, मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते. ते यंत्र चालू आहे तोवरच हे काम करता येईल.