संशोधनपर निबंधातील परिच्छेद : प्रतिज्ञा आणि उपनय

प्रबंधाचा आराखडा नीट आखलेला असतो, आधारग्रंथ पुष्कळ चाळलेले असतात, टिपणेही काळजीपूर्वक काढलेली असतात. आणि तरीही वाचणाऱ्यास लेखकाचे म्हणणे नेमके काय, हे हाती लागत नाही. पदव्युत्तर अभ्यासक्षेत्रात हा अनुभव नवा नाही. अशा वेळी दोष बहुधा भाषेच्या माथी मारला जातो. वस्तुतः भाषा अनेकदा निर्दोष असते. दोष असतो तो परिच्छेदाच्या घडणीत.

परिच्छेद म्हणजे नव्या ओळीच्या आरंभी सोडलेली मोकळी जागा नव्हे. ती जागा मराठीत बरीच उशिरा आली. मोडी लिहिताना शिरोरेघ आधी एकसलग ओढून घेत व अक्षरे तिच्याखाली भरीत. तेथे शब्दच सुटे लिहिण्याची चाल नव्हती, मग परिच्छेद कोठला? पानावर दिसणारा परिच्छेद एकोणिसाव्या शतकात मुद्रणाबरोबर व इंग्रजी गद्याच्या सहवासात रूढ झाला. परंतु विचाराचा एकेक घटक वेगळा ठेवण्याची जाणीव त्यापूर्वी नव्हती, असे मात्र नाही. पेशवाईतील याद्या कलमवार लिहिल्या जात. मीमांसकांनी तर विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त व संगती अशी अंगे कल्पून ‘अधिकरण’ हा विवेचनाचा स्वयंपूर्ण घटकच सिद्ध केला होता.

इंग्रजीत परिच्छेदाचे नियम सूत्रबद्ध करण्याचे श्रेय अलेक्झांडर बेन यांच्याकडे जाते. अ‍ॅबर्डीन येथे तर्कशास्त्र व इंग्रजी शिकविणाऱ्या या अध्यापकाने १८६६ साली रचनाशास्त्रावरील आपल्या ग्रंथात सहा नियम दिले. परिच्छेदाच्या आरंभवाक्यातच त्याचा विषय सूचित व्हावा, हा त्यांतील एक. पुढील पाठ्यपुस्तकांनी या एकाच नियमाचा इतका घोष केला की, बाकीचे पाच जणू नव्हतेच. १९७४ साली रिचर्ड ब्रॅडॉक यांनी अमेरिकन नियतकालिकांतील निवडक निबंध तपासले, तेव्हा मुख्य विधानाने आरंभ होणारे विवेचनपर परिच्छेद अवघे तेरा टक्क्यांच्या आसपास भरले. नाणावलेले लेखक हा नियम पाळीत नाहीत, एवढे यावरून दिसते. नवशिक्याने तो पाळू नये, असे अर्थातच सिद्ध होत नाही. मुख्य विधान पहिले असो वा शेवटचे, ते एकच आहे काय व वाचकास ते बोट ठेवून दाखविता येते काय, हा खरा प्रश्न आहे.

या विधानास नैयायिकांचा ‘प्रतिज्ञा’ हा शब्द चपखल बसतो. दुसऱ्यास पटवून देण्यासाठी करावयाच्या अनुमानाचे त्यांनी पाच अवयव सांगितले. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. तेथे धूर आहे, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा पर्वतही तसाच धूमयुक्त आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन. साहित्याच्या वा इतिहासाच्या अभ्यासातील पुरावा धूर आणि अग्नी यांच्याइतका निरपवाद नसतो, हे खरे. तेव्हा हे साम्य फार ताणू नये. तथापि परिच्छेदातील कोणता अवयव गळाला आहे, हे ओळखण्यास याहून सोयीचे साधन नाही. आणि विद्यार्थ्यांच्या लेखनात गळतो तो बहुधा उपनय. अवतरण दिले, तळटीप जोडली, की लेखणी थेट निगमनावर उडी घेते. हा आधार प्रस्तुत विधानास नेमका कसा लागू पडतो, हे सांगणारे वाक्य लिहिलेच जात नाही.

‘दर्पण’विषयीचा एक कल्पित परिच्छेद घेऊ. “१८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. जांभेकर मूळचे कोकणातील पोंभुर्ल्याचे. या पत्रात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी-शेजारी छापला जाई. १८४० साली त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. यावरून मराठी गद्यावर इंग्रजी वाक्यरचनेचा प्रभाव ‘दर्पण’पासून पडला, हे स्पष्ट होते.” यातील तपशिलाचे एकही वाक्य खोटे नाही, मात्र शेवटच्या वाक्यास त्यांतील फक्त एकाचा आधार आहे, तो शेजारच्या रकान्यांचा. आता उपनय लिहून पाहावा : दोन्ही भाषांतील मजकूर शेजारी असल्यामुळे मराठी वाक्य इंग्रजी वाक्याच्या वळणावर जाण्याचा संभव होता. वाक्य कागदावर उतरताच अडचण उघडी पडते. सिद्ध झाला तो प्रभावाचा संभव, प्रभाव नव्हे. तो दाखवावयाचा तर दोन्ही रकान्यांतील वाक्ये समोरासमोर ठेवली पाहिजेत. शिवाय ज्यामागे इंग्रजी मूळ नाही असे त्याच काळातील मराठी गद्य तुलनेस घेतले पाहिजे. ‘पासून’ या शब्दासाठी तर ‘दर्पण’पूर्वीची मराठी पुस्तकेही पाहावी लागतील. एवढी तयारी नसेल तर प्रतिज्ञा आखडती घ्यावी : इंग्रजी वळणाचा मराठी गद्यावरील प्रभाव अभ्यासावयाचा असेल तर ‘दर्पण’चे द्विभाषिक रकाने हे तुलनेचे सोयीचे साधन आहे. हे विधान लहान आहे, पण हाती असलेल्या पुराव्यात मावते.

अर्थात प्रत्येक परिच्छेदात पाचही अवयव शब्दशः यावेत, असा आग्रह धरल्यास लेखन कमालीचे रुक्ष होईल. जेथे संबंध उघड आहे तेथे उपनय अध्याहृत ठेवता येतो, आणि निगमन तर पुष्कळदा पुनरुक्तीच असते. परिच्छेदाची लांबी किती असावी, याविषयी कोणताही अंक सांगणे व्यर्थ होय.

परिच्छेदा-परिच्छेदांमधील संबंधासाठी मीमांसकांचा ‘संगती’ हा शब्द पुरेसा आहे. ‘तसेच’, ‘शिवाय’, ‘दुसरे असे की’ या अव्ययांनी संगती येत नाही; ती नसली की अव्ययांची संख्या वाढते, असेच पुष्कळदा आढळते. प्रकरण पुरे झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाची प्रतिज्ञा वेगळ्या कागदावर क्रमाने उतरून काढावी. दोन परिच्छेदांची प्रतिज्ञा एकच निघाली तर ते एकत्र करावेत. एकाच्या दोन निघाल्या तर तो तोडावा. आणि एकही न निघाल्यास, पोंभुर्ल्याच्या वाक्याप्रमाणे, तो मजकूर टिपणवहीत परत जाऊ द्यावा. चरित्रविषयक प्रकरणात त्याला आपली जागा मिळेल.