चवदार तळे आधी, इंग्रजांचा कायदा नंतर

आंबेडकरी चळवळीवर एक आरोप गेली कित्येक वर्षे होत आला आहे. तुम्हाला जे काही मिळाले ते इंग्रजांच्या कृपेने मिळाले, असे आम्हाला तोंडावर ऐकवले जाते. सभेत ऐकवतात, चहाच्या टपरीवर ऐकवतात, कोर्टाच्या आवारात वकीलमंडळीही ऐकवतात. याच्या उलट समज आमच्याच काही शिकल्यासवरल्या बांधवांचा आहे. विलायत म्हणजे समतेचे माहेरघर, तिथे माणसाला माणूस म्हणूनच ओळखतात, असे त्यांना मनापासून वाटते. या दोन्ही समजुतींवर रागावण्याचे कारण नाही. तारखा पाहिल्या तरी पुरे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. तेव्हा कुलाबा जिल्ह्यावर ज्यांचे राज्य होते, त्यांनी आपल्या स्वतःच्या देशात सार्वजनिक ठिकाणी वर्णावरून माणसाला अडवू नये असा कायदा केला तो १९६५ साली! मध्ये ३८ वर्षे गेली. ज्यांच्या घरी ही वस्तू ३८ वर्षांनी पोहोचली, त्यांनी ती आम्हाला आधीच दान केली होती म्हणे.

महाडचा इतिहास आमच्या वाचकांना तोंडपाठ आहे, परंतु त्यातला कायद्याचा भाग सहसा सांगितला जात नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तो स्वीकारला. म्हणजे कागदावर तळे खुले होते. कागदावरचे तळे प्रत्यक्षात आणायला रा. बा. मोरे यांच्यासारखे तरुण आणि गावोगावचे हजारो लोक लागले. पाणी प्यायल्यावर डोकी फुटली, १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सवर्णांनी दिवाणी दावा ठोकून १४ डिसेंबरला मनाईहुकूम मिळवला. मोटारवाले आयत्या वेळी दगा देतील या धास्तीने बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी ‘पद्मावती’ बोटीने समुद्रमार्गे आले आणि दासगाव बंदरात उतरले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, परंतु पाण्याला हात लावता आला नाही. इंग्रज कलेक्टर सत्याग्रह तहकूब करा म्हणून सांगायला आला होता. कृपा म्हणायची ती हीच का?

दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी सवर्णांचे अपील फेटाळले. (१९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे ब्रूमफील्ड ते हेच.) आपण जिंकलो. पण कशावर जिंकलो? अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्राचीन काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, एवढ्यावर. ती सिद्ध झाली असती तर अशी रूढी न्याय्य ठरते का, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयाला गरजच पडली नाही. माणसे समान आहेत म्हणून तळे खुले, असे त्या निकालात कुठेही नाही.

आता खुद्द लंडन पाहा. १९४३ साली वेस्ट इंडीजचे नामवंत क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांना तिथल्या इम्पीरियल हॉटेलने ठेवून घ्यायला नकार दिला. ते कोर्टात गेले आणि १९४४ साली जिंकले. त्यांना भरपाई मिळाली पाच गिनी. आणि जिंकले ते वर्णभेद बेकायदा होता म्हणून नव्हे! खाणावळवाल्याने आलेल्या वाटसरूला सबळ कारणाशिवाय परत पाठवू नये असा इंग्लंडचा जुना रिवाजी कायदा होता, त्याच्या आधाराने. महाड आणि लंडन या दोन्ही ठिकाणी अन्यायग्रस्त माणूस जुन्या कायद्याच्या एखाद्या फटीतून आत शिरला. समतेचा दरवाजा दोन्हीकडे बंदच होता.

आपण तो दरवाजा १९५० साली उघडला. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५(२) मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा नावानिशी उल्लेख आहे. तो वाचताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही. १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. इंग्लंडमध्ये तेव्हा काय चालले होते? घराबाहेर ‘काळ्यांना जागा नाही’ अशा पाट्या उघड लागत होत्या आणि त्या लावणे गुन्हा नव्हता. ब्रिस्टल शहरातील बस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना कंडक्टर म्हणून घेत नव्हती. १९६३ साली पॉल स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या बसवर बहिष्कार पुकारला. चार महिन्यांनी, २८ ऑगस्टला कंपनीने हार मानली आणि पुढच्या महिन्यात रघबीर सिंग हा पंजाबी तरुण पहिला गौरेतर कंडक्टर झाला. पुढच्याच वर्षी स्टीफन्सन एका दारूच्या गुत्त्यात गेले. त्यांना प्यायला देण्यास नकार मिळाला, ते उठेनात, तेव्हा पोलिसांनी त्यांना अटक केली. खटला टिकला नाही, परंतु देशभर गाजला. मोटारी आणि पिण्याची जागा. महाडचेच दोन प्रश्न ३६-३७ वर्षांनी ब्रिस्टलला पोहोचले होते.

१९६५ च्या ब्रिटिश वंशसंबंध कायद्याच्या शीर्षकातच ‘सार्वजनिक राबत्याच्या जागा’ हा शब्दप्रयोग आहे. इंग्रजीत तो शब्दशः तोच आहे जो आपल्या कलम १५(२) मध्ये १५ वर्षे आधी आला होता. कोणी कोणाचा उचलला हा वाद आम्ही घालत नाही. आधी कोण, एवढेच दाखवायचे आहे. आणि तो कायदाही कसा? हॉटेल, गुत्ता, नाट्यगृह, बस एवढ्यापुरता. नोकरी नाही, घर नाही. अन्यायग्रस्ताला स्वतः कोर्टात जाण्याचा अधिकारही नाही. मंडळाने समेट घडवायचा, तो फसला तर सरकारच्या महाअभिवक्त्याने पुढचे पाहायचे.

इथपर्यंत वाचून कोणी छाती फुगवून बसणार असेल तर जरा थांबावे. पुढचा भाग आमच्या सोयीचा नाही.

इंग्रजांनी १९६५ चा लंगडा कायदा तसाच ठेवला नाही. १९६८ साली त्यात नोकरी आणि घरे आणली. मग १९७६ आले. त्या वर्षी १९ नोव्हेंबरला आपल्याकडे १९५५ चा कायदा दुरुस्त होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने लागू झाला. तीनच दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, ब्रिटनच्या नव्या वंशसंबंध कायद्यावर राणीची मोहोर उठली. दोन्ही कायदे जणू एकाच आठवड्यात जन्मले. त्यांच्या वाटा मात्र तिथून वेगळ्या झाल्या.

आपला कायदा फौजदारी. त्यात नोकरी आहे, घर आहे, दुकान आहे, पाणवठा आहे, सारे आहे. कलम १२ प्रमाणे अन्यायग्रस्त अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच घडले असे गृहीत धरायचे आहे. शिक्षा किमान १ महिना, कमाल ६ महिने आणि दंड १०० ते ५०० रुपये. पण हा सारा डोलारा उभा आहे तो ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. त्याने फिर्याद लिहून घेतली तर पुढे. कोणी खोली नाकारली, नोकरीच्या यादीतून नाव कापले, तर त्याच्याकडून स्वतः भरपाई मागण्याचा सोपा मार्ग या कायद्यात नाही.

ब्रिटनच्या १९७६ च्या कायद्याने नेमके हेच केले. नोकरीत भेदभाव झालेल्या माणसाला थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता आले. मालकाला ठरावीक नमुन्यात लेखी प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार मिळाला. मला का घेतले नाही? ज्याला घेतले त्याची पात्रता काय? मालकाने उत्तर टाळले किंवा उडवाउडवी केली, तर न्यायाधिकरणाला त्यावरून त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येत असे. मनाला झालेल्या यातनेचीही भरपाई मिळू लागली आणि १९९४ साली भरपाईवरची कमाल मर्यादा उठवली गेली. शिवाय त्या कायद्याने अप्रत्यक्ष भेदभाव पकडला. अट दिसायला सर्वांना सारखी, पण तिच्यात एकाच समाजाची माणसे अडकतात, आणि अट घालण्यास सबळ कारणही नाही, अशा अटी बेकायदा ठरल्या. पनवेल-मुंबईकडच्या सोसायट्यांत ‘शाकाहारी कुटुंबालाच जागा’ म्हणतात, ती अशीच अट. आमच्या अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर मासळीची अट घालून कोणाचेच भागणार नाही, म्हणून इथे सरळ आडनाव विचारतात.

याच कायद्याखाली १९८३ साली मांडला विरुद्ध डॉवेल ली हा खटला लॉर्ड्स सभागृहापुढे गेला. बर्मिंगहॅममधील एका शाळेने पगडी घालणाऱ्या शीख मुलाला प्रवेश नाकारला होता. शीख हा धर्म आहे, वंश नव्हे, म्हणून त्यांना संरक्षण नाही, असे खालच्या न्यायालयाने म्हटले होते. लॉर्ड्सनी ते उलटवले. समान इतिहास आणि समान परंपरा असलेला समाज म्हणून शिखांना संरक्षण मिळाले. आम्हा बौद्धांना हा वाद नवा नाही. धर्मांतर केले म्हणजे जात संपली, मग सवलत कशाला, असे १९५६ नंतर आम्हाला किती वर्षे ऐकवले गेले! गावकुसाबाहेरची बौद्धवाडी जागची हलली नव्हती, शेजाऱ्याची नजर बदलली नव्हती, फक्त केंद्राच्या यादीतून आम्ही गायब होतो. ते दुरुस्त व्हायला १९९० उजाडले. तोवर बौद्ध म्हणून नोंद असलेल्या माणसाला वर सांगितलेल्या कलम १२ च्या गृहीतकाचाही आधार नव्हता. १९७६ ते १९९० ही १४ वर्षे कायद्याच्या पुस्तकात शोधूनही सापडत नाहीत.

पोलिसांच्या बाबतीत मात्र पारडे पुन्हा आपल्याकडे झुकते, निदान कागदावर. १९९३ साली लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाचा खून झाला. पोलिसांनी तपासाची हेळसांड केली. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने लंडन पोलिसांत संस्थात्मक वंशभेद आहे असे स्पष्ट लिहिले आणि २००० साली कायदा दुरुस्त होऊन पोलिसांचे कामकाज त्याच्या कक्षेत आले. आपल्या १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यात कलम ४ आधीपासूनच आहे. कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कैद! त्या कलमाचा उच्चार केला की ठाण्यातले वातावरण कसे बदलते हे आमच्या कार्यकर्त्यांना विचारा.

संसदेतल्या प्रतिनिधित्वावर थोडक्यातच. दादाभाई नौरोजी १८९२ साली तिथे निवडून गेले, मग भावनगरी, मग सकलातवाला. सकलातवाला १९२९ साली हरले आणि त्यानंतर ५८ वर्षे कॉमन्स सभेत भारतीय वंशाचा एकही सभासद नव्हता. १९८७ साली डायन अॅबट, पॉल बोटेंग, बर्नी ग्रँट आणि कीथ वाझ हे चौघे एकदम निवडून आले. २०२२ साली ऋषी सुनक पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले गेले. पेढे वाटणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे. जातीचे काय?

कारण भारतातून गेलेल्यांनी तिथे मसाल्यांबरोबर जातही नेली. २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचा अधिकार सरकारला दिला गेला. २०१३ साली संसदेने ते बंधनकारक केले. वूल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्डमधील रविदासी आणि बौद्ध बांधवांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला. तिथल्या काही हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला. जुलै २०१८ मध्ये सरकारने जाहीर केले की वेगळी तरतूद करणार नाही, न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत. आधार घेतला तो एका आदिवासी मोलकरणीच्या खटल्याचा. तिथल्या अपिलीय न्यायाधिकरणाने २०१४ साली जात ही वांशिक मुळात येऊ शकते असे म्हटले होते आणि पुढे तिला किमान वेतनाच्या फरकापोटी १ लाख ८३ हजारांहून अधिक पौंड मिळाले. म्हणजे आज तिथला दलित पुन्हा एका फटीतून आत शिरतो आहे, १९४४ सालच्या कॉन्स्टंटाइनसारखा.

आणि रायगडातला? २००२ साली नागोठण्याचा कारखाना चालवणारी आयपीसीएल ही सरकारी कंपनी रिलायन्सकडे गेली. सरकारी कंपनीला आरक्षण लागू होते, खासगीला नाही. रोहा, महाड, पाताळगंगा, तळोजा या औद्योगिक पट्ट्यात बहुतेक नोकरी खासगी आणि त्यातही ठेकेदाराकडची. तिथे मुलाखतीत वडिलांचे आणि गावाचे नाव विचारून निवड होते तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या मुलाला काय सांगावे? ठाण्यात जा? त्याच्याकडे साक्षीदार नाही, कागद नाही. मालकाला लेखी प्रश्न विचारण्याचा हक्क असता तर कागद तयार झाला असता. घरांचेही तेच. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात एकाच समाजापुरते सभासदत्व ठेवणारी उपविधी वैध ठरवली. ब्रिटनने घरांतला वर्णभेद बेकायदा ठरवल्याला तेव्हा ३७ वर्षे झाली होती.

मागणी नवीन नाही. सच्चर समितीने २००६ साली समान संधी आयोग सुचवला. माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटाने २००८ साली त्याची रूपरेषा दिली. २०१७ साली शशी थरूर यांनी भेदभावविरोधी खासगी विधेयक लोकसभेत मांडले. ते चर्चेला आले नाही आणि २०१९ साली लोकसभा विसर्जित होताच निकालात निघाले. २० मार्च २०२७ हा महाडच्या सत्याग्रहाच्या शताब्दीचा दिवस. त्या दिवसासाठी आमच्या वकील मित्रांनी दोन कलमांचा मसुदा तयार करावा. खासगी मालकाला आणि घरमालकाला लेखी प्रश्न विचारण्याचा हक्क, आणि पोलिसाच्या परवानगीवाचून थेट दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा. रायगडच्या तालुका बार असोसिएशनांपुढे हा मसुदा ठेवण्याची आमची तयारी आहे.