दुखणं खांद्यात, रोग छातीत

"खोकला तं नाही ना, मंग काहाचा कॅन्सर?" भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीच्या बाजूला हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की राग येतो. राग बोलणाऱ्याचा नाही. फुप्फुसाचा कॅन्सर म्हणजे खोकून खोकून रक्त पडणं, एवढंच आपल्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. पण या समजुतीपायी माणसं महिनोन्महिने मलम चोळत बसतात, त्याचा राग येतो.

फुप्फुसाच्या आत वेदना कळवणाऱ्या नसाच नाहीत. दुखतं ते त्याचं बाहेरचं आवरण. गाठ श्वासनलिकेपासून दूर, कडेला असली तर खोकलाही येत नाही. ती गुपचूप वाढते आणि पहिली तक्रार करतं ते शेजारचं हाड, नस किंवा रक्तवाहिनी.

खांद्याचंच बघा. रोवणीत दिवसभर वाकून, धानाची पोती उचलून खांदा कुणाचा दुखत नाही? म्हणून तिकडे कुणी लक्ष देत नाही. फुप्फुसाचं वरचं टोक मात्र थेट गळपट्टीच्या हाडामागे, हाताकडे जाणाऱ्या नसांना खेटून असतं. तिथे गाठ झाली की कळ खांद्यातून दंडाच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत उतरते. पुढे हाताची पकड सैल होते. त्याच बाजूची पापणी खाली झुकते, बाहुली बारीक होते, अर्ध्या चेहऱ्याला घाम येत नाही. फिलाडेल्फियाचे क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री पॅनकोस्ट यांनी १९२४ आणि १९३२ साली या गाठींचं वर्णन केलं, आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. शंभर वर्षं होऊन गेली, तरी असे रुग्ण आधी मानेच्या मणक्याचे म्हणून शेक घेतात, खांद्यात इंजेक्शनं घेतात.

दुखणारा प्रत्येक खांदा कॅन्सरचा नसतो, बहुतेक नसतातच. पण वय पन्नाशीकडे, वर्षानुवर्षं बिडी, कळ रात्री झोपू देत नाही आणि आराम करूनही महिनाभर हटत नाही, असं असेल तर डॉक्टरांना छातीचा एक्स-रे काढायला सांगा, आणि बिडीचं लपवू नका. एक अडचण ध्यानात ठेवा. ही टोकाची गाठ साध्या एक्स-रेत हाडांमागे लपू शकते. एक्स-रे चांगला आला आणि कळ तशीच राहिली, तर सीटी स्कॅनचं विचारा.

घसा बसण्याचंही तसंच. स्वरयंत्राकडे जाणारी डावी नस छातीत उतरते, हृदयाच्या मोठ्या धमनीखालून वळसा घेते आणि परत वर जाते. छातीतल्या गाठीने ती दाबली की आवाज घोगरा होतो, घसा तपासला तर लाली नाही, सूज नाही. तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला तर हळद-दुधावर थांबू नये. सकाळी उठल्यावर तोंड आणि मान सुजलेली, गळ्यावरच्या शिरा फुगलेल्या, हे तर त्याच दिवशी दवाखाना गाठण्याचं लक्षण.

बोटं बघायला पैसे लागत नाहीत. दोन्ही हातांच्या त्याच बोटांची नखं एकमेकांना पाठीला पाठ लावून टेकवा. मुळाशी हिऱ्याच्या आकाराची बारीक फट दिसायला हवी. ती बुजली आणि बोटांची टोकं फुगीर झाली असतील, तर छाती आणि हृदय दोन्ही तपासून घ्या, कारण हे इतर रोगांतही होतं. काही गाठी तर संप्रेरकांसारखी द्रव्यं रक्तात सोडतात. सोडियम घटतं किंवा कॅल्शियम वाढतं, तहान भागत नाही, शौचाला होत नाही, म्हातारा माणूस असंबद्ध बोलू लागतो. घरचे म्हणतात वय झालं, कुणी म्हणतं बाहेरचं लागलं. आधी रक्त तपासा, हे मला हात जोडून सांगावंसं वाटतं.

बाकीचे समज थोडक्यात.

"बिडी पानाची, सिगारेटपेक्षा बरी." तंबाखू कमी असते हे खरं. पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, विझू नये म्हणून झुरका जोरात आणि वारंवार ओढावा लागतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या म्हणण्यानुसार बिडीच्या धुरात सिगारेटच्या तिप्पट ते पाचपट निकोटीन असतं. ज्या भंडारा जिल्ह्यात घरोघरी बिड्या वळल्या गेल्या, तिथे तरी हे माहीत असायला हवं.

"बाईमाणसाला होत नाही, ती ओढत नाही." मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४८९ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी कधीच धूम्रपान केलं नव्हतं. चुलीचा लाकडी धूरही संशयितांच्या यादीत आहे.

"सुई टोचली की कॅन्सर पसरतो." तसं होणं फार विरळा, आणि तुकडा तपासल्याशिवाय कोणतं औषध द्यायचं तेच ठरत नाही.

"डाग दिसला म्हणजे टीबीच." आपल्याकडे टीबी खूप, म्हणून डॉक्टरही आधी तिकडेच वळतात. थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि दोन महिने गोळ्या घेऊनही डाग कमी झाला नाही, तर जुना-नवा एक्स-रे दोन्ही पिशवीत घालून नागपूर मेडिकल किंवा तिथलं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करुग्णालय गाठा. जुना एक्स-रे फेकू नका. डाग किती वाढला, ते त्यावरूनच कळतं.