शिधा आणि बक्षीस

गेल्या माघांत आमच्या घरीं एक प्रश्न निघाला आणि तो आठ दिवस स्वयंपाकघरांतहि होता व ओसरीवरहि होता. माझा पुतण्या सरकारी खात्यांत कायम नोकरींत आहे. त्याला एका खासगी कंपनीकडून दुप्पट पगाराचें बोलावणें आलें. अट अशी कीं, त्या पगाराचा तिसरा हिस्सा वर्षअखेरच्या गुणपरीक्षणावर अवलंबून राहील आणि लागोपाठ दोन वर्षें परीक्षण उणें पडल्यास नोकरीच राहणार नाहीं. वहिनींचें मत ठरलेलें होतें. "हातचें सोडून पळत्याच्या पाठीं कशाला लागायचें, भाऊजी? तुम्हीच सांगा त्याला." पुतण्याचें म्हणणें निराळें. "काका, जेथें दिवसभर राबणाऱ्याला आणि दिवसभर चहा पिणाऱ्याला एकाच तारखेला सारखीच वेतनवाढ मिळते, तेथें माणसानें कोणत्या उमेदीनें काम करावें?" दोघांचेंहि खरें होतें, म्हणून मी गप्प बसलों. विषय पालटावा एवढ्याच हेतूनें रविवारीं सर्व मंडळींना घेऊन बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावयास गेलों. आम्ही पुण्याचेच, पण दिव्याखालीं अंधार म्हणतात त्याप्रमाणें मी तेथें वीस वर्षांत फिरकलों नव्हतों.

कै. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे व्यवसायानें चष्म्यांचे दुकानदार आणि 'अज्ञातवासी' ह्या नांवानें कविता लिहिणारे कवि. लहानपणींच वारलेल्या राजा नांवाच्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनीं गांवोगांव हिंडून जुन्या वस्तु जमविल्या आणि १९६२ सालीं तो सर्व संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. एकंदर वस्तु वीस हजारांच्या घरांत आहेत. मांडलेल्या आहेत त्या त्यांतल्या थोड्या. सिंहासनें, शस्त्रें नित्याच्या संग्रहालयांत असतातच. येथें मात्र अडकित्ते आहेत, पाय घासण्याच्या वज्र्या आहेत, दौती आहेत, दिवे आहेत, म्हणजे आपल्या आजीच्या हातांतून गेलेल्या वस्तु आहेत. अडकित्त्यांच्या कपाटापुढें मी बराच वेळ उभा राहिलों. सुपारी साध्या अडकित्त्यानेंहि कातरते. मग ह्या कारागिरानें अडकित्त्याची जोडी म्हणजे एक स्त्री आणि एक पुरुष कां केला? घोड्याच्या मानेला इतका डौल कां दिला? मीं पाहिलेल्यांपैकीं एकावरहि करणाऱ्याचें नांव नव्हतें.

"ह्याला वेतनवाढ कोण देत होतें, काका?" पुतण्यानें विचारलें. विषय पालटावयास आलों होतों, तो असा माझ्या आधींच येऊन बसलेला!

आपल्या गांवगाड्यांत कारागिराला कायमची नोकरी होती, तिचें नांव बलुतें. सुताराच्या मुलाला गांवचें सुतारकाम आणि सुगीला ठरलेलें धान्य मिळावयाचेंच; काम चांगलें असो वा ओबडधोबड. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या 'गांवगाडा' ह्या ग्रंथांत वतनदारीवर जी टीका केली, तिचा रोख हाच कीं, वंशपरंपरेनें हक्काचें झालेलें काम पुढें हुन्नर वाढूं देत नाहीं. पुतण्याचें खातें त्यांना नव्यानें ओळखावें लागलें नसतें. उलट, तो घोड्याचा अडकित्ता बहुधा कोणा हौशी यजमानासाठीं घडविलेला. त्या कारागिराला शाबासकीहि मिळाली असेल आणि यजमान गेल्यावर उपासहि पडला असेल.

घरीं आल्यावर मीं कपाटांतून अर्थशास्त्र काढलें. आयुष्यभर संस्कृत शिकविलेल्या माणसाची ही खोड आहे. घरांतलीं मुलें हसतात, हसोत. सूत्राध्यक्षाच्या प्रकरणांत कौटिल्यानें सूत कातणाऱ्या स्त्रियांची व्यवस्था सांगितली आहे. सुताची जात व माप पाहून वेतन ठरवावें, आणि ज्यांचें सूत चांगलें भरेल त्यांना वेतनाखेरीज तेल, आवळा आणि उटणें देऊन गौरवावें. सणाच्या दिवशीं काम हवें असेल तर देणगी व मान देऊन करवून घ्यावें. कौटिल्य दयाळू नव्हता. वेतन घेऊन काम न करणारीला त्यानें अंगठ्याची शिक्षा लिहिली आहे. पण दुसऱ्या एका प्रकरणांत, जेथें तो अठ्ठेचाळीस हजार पणांपासून साठ पणांपर्यंत सर्व राजसेवकांचीं वेतनें लावतो, तेथेंच कामावर मेलेल्याच्या बायकामुलांना अन्न व वेतन चालूं ठेवण्यास सांगतो. शिधा निराळा आणि उटणें निराळें, ह्यांत त्यानें घोटाळा केलेला नाहीं. (त्याच प्रकरणांत विद्वान आचार्यांना पांचशेंपासून हजार पणांपर्यंत मानधन लिहिलें आहे, हें मीं वहिनींना मुद्दाम वाचून दाखविलें.)

ह्यावरून मला लंडनमध्यें पाहिलेला एक दगड आठवला. तीन वर्षांपूर्वीं मी कन्येकडे गेलों असतां तिनें मला ब्रिटिश म्यूझियममध्यें नेलें. त्या प्रचंड दालनांतून हिंडून माझे गुडघे बोलूं लागले होते आणि राजांच्या मूर्तींचा कंटाळा आला होता. तोंच चुनखडीची एक चपटी चीप दिसली, हातभरहि नाहीं. इजिप्तचा राजा दुसरा रामेसेस याच्या चाळिसाव्या वर्षाचें तें हजेरीपत्रक आहे. म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वींचें. राजांचीं थडगीं खोदणाऱ्या व रंगविणाऱ्या चाळीस कामगारांचीं नांवें, पुढें काळ्या शाईनें गैरहजेरीच्या तारखा आणि त्यांच्यावर तांबड्या शाईनें कारणें. कोणी आजारी, कोणाला विंचू चावला, कोणाचे डोळे आलेले, कोणाच्या घरीं मद्य गाळणें चालू, कोणी देवाला नैवेद्य दाखविण्यास गेलेला, कोणी वरिष्ठाच्या खासगी कामावर गेलेला, आणि एक जण आईच्या प्रेताला वस्त्रें गुंडाळीत होता. चाळीस वर्षें वर्गांत हजेरी घेतलेल्या माझ्या डोळ्यांना त्या तांबड्या अक्षरांपुढें पाणी आलें. मुलगी म्हणाली, "बाबा, दमलांत का?"

ह्या कामगारांना राज्याकडून घर मिळे आणि दरमहा साधारण चार पोतीं गहू व दीड पोतें जव मिळे. नायकाला थोडें अधिक. शिवाय राजाची मर्जी झाल्यास तेल, मीठ, मांस अशी बक्षिसी वेगळी. पुढें तिसऱ्या रामेसेसच्या एकोणतिसाव्या वर्षीं धान्य वेळेवर येईनासें झालें, तेव्हां ते हत्यारें खालीं ठेवून बाहेर पडले व देवळांच्या मागें जाऊन बसले. त्याची हकीकत लिहिलेला पपायरस इटलींत तुरिन येथील संग्रहालयांत आहे. ज्ञात इतिहासांतला तो पहिला संप म्हणतात. बक्षिसी थांबली म्हणून ते उठले नव्हते; शिधा थांबला म्हणून उठले. २०२३ च्या मार्चांत महाराष्ट्रांतील सरकारी कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठीं आठवडाभर संपावर गेले, त्यांत आमचा पुतण्याहि होता. हें मीं त्याला सांगितलें तेव्हां तो हसला, पण म्हणाला, "शिधा पक्का झाल्यावर चहाच पीत बसणाऱ्याचें काय, तें तुमच्या दगडावर लिहिलें आहे का?"

तें लिहिलेलें नाहीं. मात्र शिध्याचेंच बक्षीस केलें तर काय होतें, तें विलायतेच्या शाळांनीं भोगलें आहे. १८६२ सालीं रॉबर्ट लो यांच्या नियमावलीनें असें ठरविलें कीं, वाचन, लेखन व गणित ह्यांत किती मुलें उतरतात तें तपासून त्यावर शाळेचें अनुदान द्यावयाचें. स्वतः शाळातपासनीस असलेल्या मॅथ्यू अर्नोल्डनें ह्या पद्धतीला कडाडून विरोध केला. तरी ती तीसएक वर्षें चालली आणि मास्तरांनीं मुलांकडून नेमलेलें पुस्तक घोकून घेतलें. पुस्तक उलटें धरलें तरी मुलें अचूक 'वाचीत', असें सांगतात.

मला ह्यावर हसण्याचा अधिकार नाहीं. मी ज्या शाळेंत होतों, तिच्या चालकांनीं एके वर्षीं जाहीर केलें कीं, ज्याच्या विषयाचा शालान्त परीक्षेचा निकाल सर्वांत अधिक लागेल, त्या शिक्षकाला पांचशें एक रुपये मिळतील. माझा नववीचा वर्गच पुढें दहावीला जावयाचा होता. त्यांत एक मुलगा होता. चलाख, पण संस्कृतांत कच्चा, आणि घरीं दूध घालून शाळेंत उशिरा येणारा. त्याला शिकवणी दिली असती तर तो निघाला असता. मीं त्याला नववींतच ठेविला. निकाल शंभर टक्के लागला, सत्कार झाला, पैसे मिळाले. तो मुलगा जूनमध्यें शाळेंत आला नाहीं. पुढेंहि आला नाहीं.

त्या पैशांची मीं पितळेची समई आणली. संग्रहालयांत दिव्यांच्या दालनांत वहिनी एका जुन्या समईपाशीं थांबून म्हणाल्या होत्या, "आपली हिच्याहून उंच आहे हो!" तेव्हां मी उत्तर न देतां पुढें गेलों होतों. आतां सर्वांदेखत सांगितलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पुतण्यानें मात्र विचारलें, "बक्षीस नसतें, तर त्याला वर घातला असता?"

"घातला असता," मीं म्हटलें.

दुसऱ्या दिवशीं त्यानें कंपनीला पत्र धाडलें : पगाराचा तिसरा हिस्सा परीक्षणावर ठेवण्यास माझी हरकत नाहीं, परंतु दोन वर्षांनीं काढून टाकण्याचें कलम गाळावें. वहिनींना पत्र वाचून दाखविल्यावर त्यांनीं "बघूं" एवढेंच म्हटलें व देवघरांत दिवा लावावयास गेल्या. कंपनीचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.